एका रेकॉर्डची गोष्ट आणि आप्पांची फाईल

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. राजकारणावर नाहीये, पण शेवटी येऊन थांबते ती सरकारी फाईलीवरच.

साक्रीत माझं ऑनलाईन फॉर्म भरायचं छोटं सेंटर आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती. जून-जुलैत तर दारात चपलांचा ढीग असतो. मागच्या पावसाळ्यात अशाच एका गर्दीच्या दिवशी आप्पा आले. डोक्यावर टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक. गर्दी कमी होईपर्यंत बाकावर बसून राहिले. मग म्हणाले, "बापू, कलाकारस्ले पेन्शन भेटस म्हनतस. मना बी फॉर्म भरी दे."

आप्पांचं पूर्ण नाव इथे लिहीत नाही. त्यांनीच नको म्हटलंय. पण कान नदीच्या काठच्या आणि पिंपळनेर, दहिवेल, कासारे, निजामपूर पट्ट्यातल्या चाळिशीच्या पुढच्या माणसांनी आप्पांचा बेंजो ऐकलेला आहे, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तुमच्या नाहीतर तुमच्या मोठ्या भावाच्या मिरवणुकीत आप्पा होतेच.

नव्या पोरांसाठी थोडं सांगतो. बेंजो म्हणजे इंग्रजी सिनेमातलं ते गोल वाद्य नव्हे. आपला बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, वरून तारा, आणि टाईपरायटरसारखी बटणं. एका हाताने बटणं दाबायची, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. पुस्तकात त्याला बुलबुल तरंग म्हणतात. मूळ जपानी वाद्य, १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने बनवलं, तिथे त्याला ताईशोगोतो म्हणतात. ते फिरत फिरत आपल्याकडे आलं आणि आपल्या लोकांनी त्याला पिकअप लावला, अँप्लिफायर जोडला, इको लावला आणि लोटगाडीवर चढवलं. लोटगाडीवर दोन कर्णे, खाली ट्रॅक्टरची बॅटरी, मागे ढोल-ताशा आणि खुळखुळा. झाली बेंजो पार्टी.

तर फॉर्म. ही योजना जुनी आहे, १९५४-५५ पासूनची. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलंय आणि २०२४ पासून महिन्याला ५,००० रुपये सरसकट केलेत. आधी त्यात तीन वर्ग होते, राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक, आणि स्थानिक कलावंताला २,२५० मिळायचे. वय ५० च्या पुढे पाहिजे आणि कलेत किमान १५ वर्षं घातलेली पाहिजेत. आप्पा ६८ चे. अठराव्या वर्षी बेंजोला हात लावला आणि २०१३ पर्यंत वाजवला. म्हणजे ३८ वर्षं. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम.

अर्ज केला. काही दिवसांनी फाईल परत आली. शेरा असा की कलेच्या क्षेत्रात काम केल्याचे पुरावे जोडलेले नाहीत.

मी गेलो विचारायला. तिथला माणूस वाईट नव्हता, उलट चांगलाच बोलला. म्हणाला, "भाऊ, मला माहितीये हा माणूस वाजवायचा. माझ्या चुलत्याच्या लग्नात हेच होते. पण मी फाईलीत काय लावू? आकाशवाणीचं पत्र आणा, पेपरचं कात्रण आणा, कार्यक्रमाची पत्रिका, प्रमाणपत्र, कॅसेट, रेकॉर्ड, काहीतरी आणा."

आप्पांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग एवढंच म्हणाले, "आख्खी जिंदगी वाजाडामा गई. आते कागद कथाईन लयू?"

त्या रात्री माझ्या डोक्यातून ते जाईना. आणि योगायोग बघा, त्याच आठवड्यात माझा भाचा पुण्याहून आला होता. इंजिनिअरिंगला आहे, कानात सतत काहीतरी घातलेलं असतं. जेवताना आप्पांचा विषय निघाला तर म्हणाला, "मामा, हे ऐका एकदा. आपल्या आप्पांच्या बेंजोसारखं लागतंय."

मोबाईलवर त्याने जे लावलं ते ॲटॉमिक फॉरेस्ट नावाच्या मुंबईच्या बँडचं होतं. अल्बमचं नाव 'ऑब्सेशन ७७'. सत्तरच्या दशकातला बँड. बेस गिटारवर कीथ कांगा. गिटारचा आवाज चिरका, लांबवलेला, मागून ऑर्गन, आणि सगळ्यावर अशी एक घुमणारी झाक की आवाज भिंतीवरून आपटून परत येतोय असं वाटावं. भाचा म्हणाला, याला सायकेडेलिक म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणाला, असं संगीत की ऐकताना माणसाचं भान जरा सुटतं, वेळ लांबते, डोक्यात रंग दिसायला लागतात.

मी हसलो. म्हटलं, बाबा, मग डोंगऱ्यादेवाच्या वेळी आपले आदिवासी भाऊ रात्र रात्र पावरी वाजवतात आणि माणसांच्या अंगात वारं येतं, ते काय वेगळं असतं? आणि कानबाईच्या विसर्जनाला सोमवारी आप्पांचा बेंजो सुरू झाला की ज्या बायका वर्षभर डोक्यावरचा पदर पडू देत नाहीत त्या भर रस्त्यात फुगड्या घालतात, ते? आप्पा एक धून दहा-दहा मिनिटं लांबवायचे. आधी संथ, मग हळूहळू वाढवत नेत शेवटी अशी जलद की ताशेवाल्याचा घाम निघावा. गंमत म्हणजे त्या मुंबईच्या अल्बममध्येही शीर्षकाची धून दोनदा आहे. एकदा संथ, एकदा जलद.

दोघांत फरक आहेच, तो मला कळतो. ते मुंबईची इंग्रजी बोलणारी पोरं, इलेक्ट्रिक गिटार, जिमी हेंड्रिक्सची गाणी. आप्पा चौथी पास, लोटगाडी, आणि नवीन पिक्चरची गाणी. मुंबई आपल्यापासून तीनशेहून जास्त किलोमीटर. पण काळ एकच होता. १९७७ साली तिकडे ते वाजवत होते आणि इकडे आप्पा वीस वर्षांचे होते, पार्टीत नवीन लागले होते.

मग मी जरा खोदत गेलो. रात्री सेंटर बंद केल्यावर दुसरं कामच नव्हतं.

या प्रकारच्या संगीताची लाट आली १९६६-६७ च्या सुमारास, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला आणि तिकडे लंडनला. पिंक फ्लॉईड नावाच्या मोठ्या बँडचा पहिला अल्बम १९६७ चा. बीटल्सवाला जॉर्ज हॅरिसन तर जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन त्याने एका पिक्चरचं संगीत ध्वनिमुद्रित केलं. संतूरवर पंडित शिवकुमार शर्मा होते. सूरबहार वाजवली चंद्रशेखर नारिंग्रेकरांनी. म्हणजे ज्या आवाजासाठी गोरे लोक वेडे झाले होते, तो शोधायला ते आपल्याकडे येत होते.

आपल्या मुंबईतही तेव्हा पोरांनी बँड काढले. १९७० आणि १९७१ ला षण्मुखानंद सभागृहात सिमला बीट नावाची स्पर्धा झाली. देशभरातून बँड आले, मद्रासहून, शिलाँगहून. ती स्पर्धा भरवली होती एका सिगारेट कंपनीने, आपल्या सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी. आणि त्या कंपनीने स्पर्धेतल्या बँडच्या दोन रेकॉर्ड काढल्या म्हणून आज आपल्याला कळतं की ते बँड कसे वाजवायचे. कुणी कलेच्या प्रेमापोटी जपून ठेवलं असं झालं नाही. सिगारेट विकायची होती म्हणून ते राहिलं.

१९७१ लाच लोणावळ्याजवळ मळवलीला स्नेहयात्रा नावाचा मोठा संगीताचा मेळा भरला होता. ज्यांनी बघितला ते म्हातारे होऊन अजून त्याच्या गोष्टी सांगतात. आपल्या मराठी घरातलंही एक नाव यात आहे. आत्माराम भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे. वेल्व्हेट फॉग नावाच्या बँडमध्ये गायचा. अलेक पदमसींनी १९७४ ला 'जीझस ख्राईस्ट सुपरस्टार' केलं तेव्हा त्यात जुडास झाला नंदू भेंडे, आणि येशू झाला हाच आपला ॲटॉमिक फॉरेस्टचा गायक. पुढे नंदू भेंडे पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त आले, म्हणून आपल्याला माहीत. नाहीतर रॉक गायक नंदू भेंडे मराठी माणसाच्या लक्षात राहिला असता का, याची मला शंका आहे.

आता मुद्द्यावर येतो. सिनेमाच्या गाण्यांची रेकॉर्ड खपायची. भजनाची खपायची. पण मुंबईच्या पोरांच्या इंग्रजी बँडची रेकॉर्ड कोण घेणार? म्हणून कंपन्या काढायच्या नाहीत. त्या काळात शेकड्याने बँड झाले असतील, हॉटेलात वाजवले, कॉलेजात वाजवले, लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, बँड संपले. ॲटॉमिक फॉरेस्टही संपला. त्यांचा जो पहिला अल्बम तोच शेवटचा. पण तो एक निघाला. काळ्या तबकडीवर त्यांचा आवाज कोरला गेला, पाकिटावर नाव छापलं गेलं. तेवढ्या जोरावर २०११ साली अमेरिकेतल्या नाऊ-अगेन नावाच्या कंपनीने तो शोधून काढून पुन्हा प्रसिद्ध केला. जुन्या तबकडीसाठी शौकीन लोक आज मोठी किंमत मोजतात. आणि माझा भाचा, ज्याचा जन्म त्या अल्बमनंतर पंचवीसेक वर्षांनी झाला, तो साक्रीत भाकरीचा तुकडा मोडता मोडता तो ऐकतो.

एक तबकडी होती म्हणून हे झालं. ज्यांची नव्हती ते कुठे गेले?

मला आप्पांच्या फाईलीवरचा शेरा आठवला. पुरावे जोडलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आप्पांना सेंटरवर बोलावलं, हेडफोन लावून दिला आणि ॲटॉमिक फॉरेस्ट ऐकवला. आप्पांनी डोळे मिटले. दोन्ही हातांची बोटं टेबलावर चालायला लागली, डाव्या हाताची बटणं दाबल्यासारखी. आठ-दहा मिनिटं ऐकलं. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "ढोलवाला भारी शे. पन हाई लगीनमा नही चालनार. नवरदेव घोडावर झोपी जाई."

सेंटरमधली सगळी माणसं हसली. आप्पाही हसले. मग मी म्हटलं, आप्पा, तुमचा एखादा कागद कुठेतरी असेलच की. आठवा.

आठवायला लागलो दोघं मिळून. पार्टीच्या मालकाकडे सुपारीची वही असायची. तारीख, गाव, नवरदेवाचा बाप, विसार किती दिला, बाकी किती. दर वर्षाची एक वही. त्यात वाजवणाऱ्यांची नावं आणि रोजही लिहिलेला. मालक वारून बारा वर्षं झाली. त्यांच्या मुलाकडे गेलो. बिचाऱ्याने माळ्यावरून ट्रंक काढून दिली. उघडली तर आत मातीसारखा भुगा. उधई लागून सगळ्या वह्या गेलेल्या.

लग्नपत्रिका? आपल्या पत्रिकेत कुणाचं नाव नसतं सांगा. आजोबा-पणजोबा, काका, मामा, आत्या, आमदार, सरपंच, सोसायटीचे चेअरमन, आणि खाली 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी दोन वर्षांची पोरं. पण वाजवणाऱ्याचं नाव? मी माझ्या घरातल्या सव्वीस पत्रिका काढून बघितल्या. एकीवरही नाही. मंडपात माईकवरून पुढाऱ्यांची नावं अर्धा तास पुकारतात. बेंजोवाल्याला शेवटच्या पंगतीला वरण-बट्टी वाढतात, ती पण गार.

हे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला सांगत नाहीये. माझ्या लग्नातही हेच झालं. आप्पांनी तीन तास वाजवलं आणि ते जेवले का, हे मी विचारलं नव्हतं.

तेव्हा बायकोने सुचवलं, "ताईंच्या लग्नाची कॅसेट आहे ना?"

माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न मे १९९४. त्या काळी व्हिडिओ शूटिंग म्हणजे केवढी मोठी गोष्ट. खांद्यावर भला मोठा कॅमेरा, सोबत डोळे दिपवणारा लाईट घेऊन पळणारा एक पोरगा. तीन तासांची व्हीएचएस कॅसेट ताईच्या सासरी कपाटात साड्यांच्या खाली होती. व्हीसीआर आता कुणाकडेच नाही. मग धुळ्याला एक जण कॅसेटवरून पेनड्राईव्हवर करून देतो असं कळलं. घेऊन गेलो. बुरशी लागली होती, त्याने साफ केली, दोन दिवसांनी दिली.

संध्याकाळी आप्पांना घरी बोलावलं. ताईसुद्धा आली होती. टीव्हीला पेनड्राईव्ह लावला. हळद, रुखवत, पाहुणे मंडळी, सगळे कसे बारीक दिसतात, अर्धे तर आता नाहीत. माझे वडील दिसले, त्यांना बघून ताईने डोळ्याला पदर लावला. आणि मग मिरवणूक आली. लोटगाडी, कर्णे, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या डोक्यावर घेतलेल्या बाया, आणि मधोमध गळ्यात बेंजो अडकवलेला एक काळाभोर, मिशीवाला, सदतीस वर्षांचा माणूस. बोटं अशी पळत होती की कॅमेऱ्यात ती पुसट दिसत होती.

आप्पा पुढे सरकून बसले. "हाऊ मीच शे ना रे, बापू?"

होय आप्पा, तुम्हीच.

आणि आवाज येत होता लता मंगेशकरांच्या गाण्याचा.

तुम्हाला आठवत असेल, तेव्हा सगळे व्हिडिओवाले हेच करायचे. मिक्सिंग म्हणायचे त्याला. मूळ आवाज काढून टाकायचा आणि वर सिनेमाचं गाणं बसवायचं. कॅसेट भारी दिसावी म्हणून आपणच सांगायचो, 'चांगली गाणी टाका हं.' म्हणजे आप्पा वाजवताहेत, लोक नाचताहेत, आणि आवाज भलत्याचाच. आप्पा बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पन हाऊ आवाज ते मना नही."

कुणीच काही बोललं नाही. टीव्ही चालूच होता.

मिरवणूक मारुतीच्या पारापर्यंत आली तिथे ते सिनेमाचं गाणं संपलं. व्हिडिओवाल्याने पुढचं गाणं लावायला थोडा उशीर केला असणार. जेमतेम चाळीस सेकंद. तेवढ्यात मूळ आवाज राहून गेला होता. माणसांचा गलका, फटाक्याची माळ, कुणीतरी ओरडतंय, आणि त्या सगळ्याच्या वर इकोमध्ये घुमणारा, चिरका, पारावरून आपटून परत येणारा आप्पांचा बेंजो. मग परत सिनेमाचं गाणं.

आम्ही ते चाळीस सेकंद सात-आठ वेळा ऐकले. भाच्याला पाठवले. त्याचा मेसेज आला, "मामा, हे त्या अल्बमपेक्षा भारी आहे." आपला माणूस म्हणून म्हणाला असेल. पण आप्पांना वाचून दाखवलं.

आता फाईलीचं सांगतो. ते चाळीस सेकंद आणि मिरवणुकीचा सगळा भाग पेनड्राईव्हवर टाकून फाईलीला लावला. त्यातल्या चार फोटोंच्या प्रिंट काढल्या. ज्यांच्या लग्नात आप्पांनी वाजवलं अशा अकरा जणांनी लिहून सह्या करून दिलं, तारीख आणि गाव टाकून. त्यात ताई आणि दाजी आहेत, दोन माजी सरपंच आहेत, एक निवृत्त मास्तर आहेत. ग्रामपंचायतीने दाखला दिला. फाईल पुन्हा गेली आहे. निवड जिल्ह्याच्या समितीच्या हातात आहे. होईल की नाही, आज सांगता येत नाही. झालं तर इथे लिहीनच. नाही झालं तरी लिहीन.

पण आप्पा एकटे नाहीत ना. माझ्या अंदाजाने एका पार्टीत दहा-अकरा माणसं असायची, आणि आपल्या तालुक्यात अशा पार्ट्या किती होत्या ते तुम्हीच मोजा. शिवाय संबळवाले, पावरीवाले, तमाशातले ढोलकीवाले, भजनी मंडळातले पखवाजवाले, भारूड करणारे. बहुतेक सगळे साठीच्या पुढे. डीजेची गाडी आली, दोन माणसांत काम व्हायला लागलं, आणि अकरा माणसांच्या पार्टीला सुपारी मिळेना. मी डीजेच्या पोरांना दोष देत नाही, त्यांनाही पोट आहे. रात्री दहानंतर आवाज बंद करा एवढंच माझं म्हणणं, तो कायदाच आहे. पण पार्ट्या बंद झाल्या तेव्हा त्या माणसांकडे ना वही राहिली, ना पत्रिकेत नाव, ना आवाज.

माझं सरकारला एक म्हणणं आहे. ज्या माणसाचं कुणी कधी रेकॉर्डिंगच केलं नाही, त्याच्याकडे रेकॉर्ड मागायची म्हणजे विहीर नसलेल्याकडे पाण्याचा दाखला मागण्यासारखं आहे. पुरावा पाहिजे हे मला मान्य. नाहीतर उद्या कुणीही उठून कलाकार होईल, आणि खरे मागे राहतील. पण लोककलावंतासाठी पुरावा घ्यायची पद्धत वेगळी असायला पाहिजे. ग्रामसभेत नाव मांडा, ज्यांच्या दारात त्याने वाजवलं ती माणसं तिथेच बसलेली असतात, त्यांच्या समोर ठराव करा. वाद्य हातात द्या आणि समितीसमोर वाजवायला लावा. आप्पांच्या हातात बेंजो दिला तर दोन मिनिटांत कळेल. आपल्या जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या सदस्यांपैकी कुणी ही पोस्ट वाचत असेल तर विचार करा.

आणि एक म्हणणं आपल्या सगळ्यांना, मलाही धरून.

पन्नास वर्षांपूर्वी रेकॉर्ड काढायला कंपनी लागायची, स्टुडिओ लागायचा, पैसा लागायचा. सिगारेटवाल्याची मर्जी लागायची. आज प्रत्येकाच्या खिशात ते यंत्र आहे. आपण त्यावर काय काय शूट करतो ते मी सांगत नाही. तुमच्या गावातला जुना वाजवणारा, गाणारा शोधा. त्याच्यासमोर बसा. आधी नाव, गाव, वय, कुणाकडे शिकला, कोणत्या पार्टीत होता, हे त्याच्याच तोंडून बोलून घ्या. मग अर्धा तास वाजवू द्या. वरून कुठलंही गाणं टाकू नका. तारीख टाकून ठेवा, दोन ठिकाणी जपून ठेवा. त्या माणसाचा तोच पहिला अल्बम.

घरात १९८५ ते २००५ मधल्या लग्नाच्या, कानबाईच्या, जत्रेच्या कॅसेटी असतील तर भंगारात देऊ नका. धुळ्यापर्यंत नेऊन पेनड्राईव्हवर करून आणायचं काम मी करीन, येण्या-जाण्याचे पैसे घेणार नाही. ज्यात मूळ आवाज राहून गेलाय अशी कॅसेट कुणाकडे असेल तर आधी सांगा. आणि लग्नपत्रिका छापायची असेल तर शेवटी एक ओळ वाढवा, 'वाद्यवृंद' म्हणून, आणि पुढे माणसांची नावं. दहा-वीस रुपयांचाही फरक पडत नाही, मी छापखान्यात विचारून आलोय.

आप्पांच्या बेंजोच्या तीन तारा तुटलेल्या होत्या. परवा धुळ्याहून आणून दिल्या. रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर बसून आम्ही रेकॉर्डिंग करणार आहोत. कर्णे मिळालेत, इको मशीन अजून मिळालेलं नाही. कुणाकडे जुनं चालू स्थितीतलं असेल तर इनबॉक्स करा, एका दिवसासाठी पाहिजे.

आप्पा म्हणतात इकोशिवाय वाजवणार नाहीत.